गाळलेली जागा भरताना आधी पर्याय झाका

माझी भाची आठवीत आहे, शाळा सुटली की संध्याकाळी आमच्याकडेच येते, आणि मागच्या आठवड्यात शिष्यवृत्तीच्या सरावाची एक शीट घेऊन बसली होती. वीस वाक्यं, प्रत्येकात एक गाळलेली जागा, खाली चार पर्याय. सातव्या वाक्यापाशी पेन थांबला. वाक्य असं होतं: 'सलग दोन वर्षं पाऊस न झाल्यामुळे गावात अन्नाचं ____ निर्माण झालं.' पर्याय होते विपुलता, दुर्भिक्ष, औदार्य, संक्रमण. तिने विपुलतेवर गोल केला. काऊन गं, म्हटलं, तर म्हणे, "मावशी, बाकीचे शब्द मले पक्के माहीत नाहीत, विपुल धड्यात आला होता."

मी काही बोलले नाही, फक्त चारही पर्यायांवर हात ठेवला आणि म्हटलं, आता वाक्य मोठ्याने वाच आणि त्या जागी तुझ्या मनाने काय येईल ते सांग, शब्द साधा असला तरी चालेल. तिने वाचलं आणि लगेच म्हणाली, "टंचाई." बघा, अर्थ तिला माहीत होता! पाऊस नाही, दोन वर्षं नाही, मग अन्न कमीच पडणार, हे आठवीतल्या पोरीला कुणी सांगायला लागत नाही. पर्याय दिसत होते तोवर ती ओळखीचा चेहरा शोधत होती, पर्याय झाकल्यावर ती वाक्य वाचायला लागली. एवढा एकच फरक, आणि मला या सगळ्या विषयात सांगायचंय तेही मुख्यतः एवढंच आहे, की उत्तर वाक्यात असतं, पर्याय फक्त त्याच्याशी ताडून बघायला असतात.

मग हात काढला. टंचाईच्या अर्थाचा शब्द कोणता? विपुलता म्हणजे भरपूर असणं, ती उलटी, गेली. आणि ती गेली हे ज्याला विपुलतेचा अर्थ माहीत नाही त्यालाही कळू शकतं बरं का, कारण वाक्यात 'अन्नाचं' आहे आणि 'झालं' आहे. विपुलता असती तर 'अन्नाची विपुलता निर्माण झाली' असं लागलं असतं. म्हणजे तो 'चं' आणि ते 'झालं' आधीच सांगून बसलेत की इथे नपुंसकलिंगी शब्द पाहिजे. राहिले तीन. औदार्य उदारपणाशी जातं, अन्नाचं औदार्य असं कुणी म्हणत नाही. संक्रमण सूर्याचं, रोगाचं, काळाचं. उरलं दुर्भिक्ष. आणि दुर्भिक्ष तोडून बघितला तर आणखी मजा आहे, दुर् आणि भिक्षा, म्हणजे जिथे भिक्षासुद्धा मिळणं कठीण झालंय असा काळ. भाचीने हे ऐकलं आणि दोन मिनिटं गप्प बसली. तो शब्द आता तिच्याकडून जाणार नाही.

याला इंग्रजीवाले कॉन्टेक्स्ट क्लू म्हणतात, आपण संदर्भाचा धागा म्हणू किंवा सरळ क्लू म्हणू, क्लासमध्ये सगळे तेच म्हणतात. न येणाऱ्या शब्दाच्या आजूबाजूला जे शब्द बसलेत, ते त्याच्याबद्दल काही ना काही बोलत असतात, ते ऐकायचं. आपण सगळे भाषा अशीच शिकलोय. लहानपणी कुणी आपल्याला शब्दकोश उघडून दिला नव्हता.

हे मोठेपणीही कसं चालतं ते मी आमच्याच स्वयंपाकघरात बघितलंय. माझी जाऊ पुण्याची. लग्नानंतर नागपूरला आली तेव्हा सासूबाई तिला म्हणाल्या, "भाजी झाली की वरून सांभार टाकजो." ती बिचारी बघतच राहिली, कारण तिच्या डोक्यात सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. सासूबाई पुढे म्हणाल्या, "बारीक चिर, अन् काड्या फेकू नको." चिर हा शब्द आला आणि काड्या आल्या, झालं, तिने फ्रिजमधून कोथिंबिरीची जुडी काढली. कुणी अर्थ सांगितला नाही, पुढच्या वाक्याने सांगितला. गंज शब्दाचंही तसंच. 'लोखंडाला गंज चढला' हे सगळ्या महाराष्ट्राला कळतं, पण आमच्याकडे 'गंजात दूध तापव' म्हटलं की तिथे गंज म्हणजे पातेलं, आणि दूध तापव हे दोन शब्द सोबत असले की बाहेरच्या माणसालाही ते कळतं. वावर म्हणजे पुस्तकी मराठीत ये-जा, राबता, आणि आमच्याकडे शेत. 'मामा सकाळीच वावरात गेले, तूर सोंगायची आहे' यात तूर बाजूला बसली की वाद संपला.

एक शब्द तर मला फार आवडतो, ताण. परीक्षेचा ताण सगळ्यांना माहीत आहे. आता काटोल-नरखेडकडच्या संत्रावाल्याचं वाक्य घ्या: 'आंबिया बहारासाठी बागेला ताण दिला, महिनाभर पाणी बंद ठेवलं, पानं मलूल झाली तेव्हा पाणी सोडून ताण तोडला.' शेतीतलं ओ की ठो माहीत नसलेला माणूसही इथे अर्थ काढू शकतो, कारण वाक्याने स्वतःच सांगितलंय, ताण दिला म्हणजे पाणी बंद ठेवलं, ताण तोडला म्हणजे पाणी सोडलं. झाडाला मुद्दाम तहानलेलं ठेवलं की त्याची वाढ थांबते आणि पाणी मिळाल्यावर ते फुलावर येतं, म्हणून हे करतात. शब्द तोच, सोबत बदलली की अर्थ बदलला.

आता वाक्यात क्लू नेमका शोधायचा कुठे. मी मुलांना सगळ्यात आधी छोटे शब्द बघायला लावते, ज्यांच्याकडे कुणी बघत नाही ते: 'पण', 'तरी', 'म्हणून', 'कारण', 'म्हणजे', 'उलट', 'इतकंच काय तर'. मोठा अवघड शब्द बघून आपण घाबरतो आणि हे बारके शब्द डोळ्याखालून निसटून जातात, खरं तर वाक्य कुठल्या दिशेने वळणार हे तेच ठरवतात. 'म्हणजे' आला की पुढे अर्थ उघडून ठेवलेला असतो. 'म्हणून' आणि 'मुळे' आले की एक कारण आहे आणि एक परिणाम, एक माहीत असेल तर दुसरा काढता येतो, दुर्भिक्षाच्या वाक्यात तेच होतं. 'वगैरे' किंवा यादी असली की यादीतले बाकीचे शब्द बघायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी, आणि लोक ओरडतात इडा पीडा घेऊन जा गे मारबत, त्यात इडा म्हणजे काय हे विचारलं तर आपल्यातल्या किती जणांना नीट सांगता येईल? तरी अर्थ कळतो. शेजारी पीडा आहे आणि ती मारबतीने शहराबाहेर घेऊन जायची आहे, मग इडा काही चांगली गोष्ट नसणार.

पण सगळ्यात ताकदवान शब्द कुठला म्हणाल तर 'पण'. यावर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण निम्म्या चुका इथेच होतात असा माझा अनुभव आहे. हे वाक्य बघा: 'मामा स्वतःसाठी फार ____ आहेत, जुना शर्ट फाटेपर्यंत नवा घेत नाहीत, पण कुणाच्या दवाखान्याला पैसे लागले तर हात आखडता घेत नाहीत.' पर्याय आहेत कंजूष, काटकसरी, उधळे, गरीब. 'पण' च्या आधीचाच भाग वाचला तर कंजूष आणि काटकसरी दोन्ही चालतात, मुलं हमखास कंजूष लिहितात कारण तो जास्त ओळखीचा. 'पण' च्या पुढचा भाग वाचला की कंजूष गळतो, कंजूष माणूस दुसऱ्याच्या दवाखान्याला पैसे काढत नाही. गरीब गळतो, गरिबाकडे द्यायला नसतं. उधळा तर पहिल्याच शर्टाला गेला. आणि यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे ती म्हणजे सूर. वाक्य लिहिणाऱ्याला मामांबद्दल प्रेम आहे, तो त्यांना नावं ठेवत नाहीये. कंजूष शिवी आहे, काटकसरी गुण आहे. दोघांचा खर्च सारखाच असेल, पण बोलणाऱ्याचं मन वेगळं असतं, आणि ते मन वाक्यात कुठेतरी सापडतंच. इंग्रजीत फ्रूगल आणि मायझर्ली यांच्यात हाच फरक आहे, बँकेच्या परीक्षेच्या तयारीत हे दोन शब्द यादीत एकाखाली एक पाठ केलेले असतात, दोघांच्या पुढे 'कमी खर्च करणारा' लिहिलेलं असतं, आणि मग पेपरात अशी जागा आली की मुलगा अडकतो.

मराठीला एक मोठी सोय आहे जी इंग्रजीला एवढी नाही, लिंगाची. 'आईने डब्यात ____ दिली' म्हटलं की भाजी, पोळी, चटणी असं काहीतरी. 'दिला' म्हटलं की भात किंवा पराठा. 'दिलं' म्हटलं की लोणचं, थालीपीठ. आपण एकच मात्रा बदलली आणि अर्धा स्वयंपाक बाद झाला. किंवा हे बघा: 'मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी बर्डीच्या रस्त्यावर ____ पसरतो.' मनात शांतता येईल, सामसूमही येईल, दोन्ही अर्थाने बरोबर, पण 'पसरतो' त्यांना आत येऊ देत नाही, शुकशुकाटच पाहिजे. शाळेत व्याकरण वेगळ्या तासाला आणि शब्द वेगळ्या तासाला शिकवतात, त्यामुळे मुलांना वाटतच नाही की क्रियापदाची शेपूट शब्द शोधायला मदत करते. इंग्रजीत अशी मदत थोडीच मिळते, जागेच्या आधी अ आहे की अॅन, नंतर इज आहे की आर, बस्स. तिथे मग जोडशब्दांवर, म्हणजे बट, ऑल्दो, सिन्स, अनलेस यांच्यावर जास्त भर द्यावा लागतो.

ही गाळलेल्या जागांची पद्धत परीक्षावाल्यांनी आपल्याला छळायला काढली असं मुलांना वाटतं, म्हणून तिचा थोडा इतिहास सांगते. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या शाळकरी मुलांसाठी अशी चाचणी वापरली, मजकुरातले काही तुकडे गाळायचे आणि मुलांनी ते भरायचे. पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत विल्सन टेलर यांनी याला क्लोझ असं नाव दिलं. ते नाव क्लोजर या कल्पनेवरून आलं, म्हणजे तुटका गोल दिसला तरी आपलं मन तो पूर्ण करून बघतं. टेलर यांना माणसाची परीक्षा घ्यायचीच नव्हती, त्यांना मजकुराची घ्यायची होती! एखादा लेख वाचायला किती सोपा आहे हे कसं मोजायचं, तर त्यातला दर ठरावीक अंतरावरचा शब्द, समजा प्रत्येक पाचवा, गाळायचा आणि वाचणाऱ्यांना किती भरता येतात ते बघायचं. जास्त भरता आले तर लेख सोपा. आज बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात जी क्लोझ टेस्ट येते ती याच घराण्यातली, फक्त तिथे पूर्ण उतारा असतो, म्हणून पहिल्या जागेचा क्लू चौथ्या ओळीत लपलेला असू शकतो, उतारा एकदा पूर्ण वाचल्याशिवाय पहिली जागासुद्धा भरू नये. अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशासाठी असलेल्या एसएटी परीक्षेने सुट्या वाक्यातल्या गाळलेल्या जागा २०१६ मध्ये काढून टाकल्या, पदवीनंतरच्या प्रवेशासाठी असलेल्या जीआरईत मात्र त्या अजून आहेत.

आता एक प्रामाणिक गोष्ट सांगायला पाहिजे. संदर्भ दर वेळी मदत करतोच असं नाही. इसाबेल बेक, मार्गारेट मॅकाउन आणि एलन मॅकास्लिन या तीन संशोधक बायकांनी १९८३ मध्ये हे छान मांडलं होतं की सगळे संदर्भ सारखे नसतात. काही सरळ अर्थाकडे नेतात, काही फक्त मोघम दिशा दाखवतात, काही काहीच सांगत नाहीत आणि काही तर चुकीच्या वाटेला लावतात. मोघम कसा, तर 'गाडी दारात थांबली, नातवंडं हसत उतरली आणि आजी गहिवरली.' हे वाचून मूल म्हणेल गहिवरली म्हणजे खूश झाली. चूक म्हणता येत नाही, पण पूर्णही नाही, गळा दाटून येणं त्यात हरवलं. हा शब्द त्या मुलाला अजून दोन-चार वेळा वेगवेगळ्या वाक्यात भेटायला हवा, मग तो भरत जाईल. चुकीच्या वाटेला लावणारा कसा, तर 'निकाल लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले आणि तो ओशाळला.' आजूबाजूला नुसता आनंद, त्यामुळे ओशाळणं म्हणजे आनंदणं असंच वाटणार, तो मनातून लाजला, त्याला अवघडल्यासारखं झालं हे कळायला वाक्यात काहीच नाही. अशा वेळी अंदाज पेन्सिलीने लिहायचा आणि नंतर शब्दकोश उघडायचा. अंदाज आधी, कोश नंतर, हा क्रम मात्र सोडू नये, कारण अंदाज करताना डोकं त्या शब्दाभोवती जे फिरतं, तेच फिरणं शब्द लक्षात ठेवतं.

आणि काहीच न सांगणारा संदर्भ? 'राम फार ____ मुलगा आहे.' बास, एवढंच वाक्य, आणि खाली पर्याय हुशार, खोडकर, मितभाषी, हेकेखोर. आता सांगा काय भरायचं? चारही बसतात. अशी वाक्यं सरावाच्या पुस्तकांत ढिगाने असतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण मूल तिथे काहीतरी ठोकून देतं, चुकतं, आणि मग त्याला वाटतं आपल्याला शब्द येत नाहीत. त्याची चूक नसते, वाक्य रिकामं असतं. तेच वाक्य असं करा: 'वर्गात सगळे एकदम बोलत होते, पण मितभाषी राम नेहमीप्रमाणे दोन शब्दांत उत्तर देऊन खाली बसला.' यात सगळं आहे, उलट टोक आहे, सवय आहे, कृती आहे. म्हणून सराव घेणाऱ्या आईबाबांना, क्लासवाल्यांना माझं सांगणं आहे, वाक्य मुलाला द्यायच्या आधी पर्याय झाकून स्वतः वाचा, तुमच्या मनात एक-दोनच अर्थ आले तर ते वाक्य चांगलं, पाच-सहा वेगवेगळे आले तर ते फाडून टाका.

सराव कसा करायचा हे विचाराल तर आमच्याकडे एक शंभरपानी वही आहे, तेवढं पुरतं. पेपर वाचताना नवा शब्द दिसला की भाची पूर्ण वाक्य वहीत उतरवते, शब्दाच्या जागी रेघ मारते, आणि शब्द त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते. दुसऱ्या दिवशी नाही, तीन-चार दिवसांनी ते वाक्य उघडायचं, म्हणजे शब्द थोडा विसरलेला असतो आणि वाक्यातूनच परत ओढून काढावा लागतो. मग त्याच शब्दाचं स्वतःचं वाक्य, घरचं, गल्लीतलं, आणि त्यातही क्लू असला पाहिजे ही अट. स्लामेका आणि ग्राफ या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की नुसता वाचलेला शब्द जितका लक्षात राहतो त्यापेक्षा आपण स्वतः पूर्ण करून काढलेला जास्त राहतो. दिवसाला पाच शब्द भरपूर झाले. पन्नासची यादी पाठ करणारी मुलं मी अभ्यासिकेत रोज बघते, रात्री अकरापर्यंत बसतात, मेहनतीला तोड नाही, पण त्या यादीतल्या शब्दांना शेजारीपाजारी कुणीच नसतं, मग ते परीक्षेत ओळख दाखवत नाहीत.

इंग्रजीच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. हू आणि नेशन या दोन भाषा-संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासात असं दिसलं की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. आमच्याकडे काय होतं, मुलगा स्पर्धा परीक्षेला बसायचं ठरवतो आणि पहिल्याच दिवशी इंग्रजी पेपरचा संपादकीय लेख उघडतो, ओळीत चार शब्द अडतात, मग ते चार एकमेकांचा क्लू होऊच शकत नाहीत, आंधळ्याने आंधळ्याला रस्ता पार करवून देण्यासारखं होतं ते. महिनाभरात त्याला वाटतं इंग्रजी आपल्या बसची नाही. त्याने आधी खेळाचं पान वाचावं, मॅच कालच बघितलेली असते, काय घडलं ते माहीत असतं, त्यामुळे अनोळखी शब्द आपोआप उघडतात. दोन-तीन महिने ते झालं की मग संपादकीय.

भाचीने दुर्भिक्षाचं स्वतःचं वाक्य केलं ते इथे देते, कारण मला ते पुस्तकातल्या वाक्यापेक्षा चांगलं वाटलं: 'मे महिन्यात नळ एक दिवसाआड येतो, कूलरमध्ये टाकायलाही पाणी उरत नाही, इतकं आमच्या गल्लीत पाण्याचं दुर्भिक्ष असतं.' मग तिने शब्दाच्या जागी रेघ मारली आणि वही घेऊन खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे गेली, पर्याय न देता. मैत्रिणीने लिहिलं, टंचाई. जिन्यातून मला आवाज ऐकू आला, "अर्थ बरोबर आहे, पण 'पाण्याचं' आहे ना बे, 'पाण्याची' कुठं आहे, परत वाच."